मॅटरमोस्ट डॉकरवर, आठ महिने: चॅट झकास, पण लॉगने डिस्क खाल्ली

सांगलीच्या मार्केट यार्डातलं हळदीच्या अडतीचं ऑफिस, माणसं चौदा. मशीन जुनंच: आय-थ्री, ८ जीबी रॅम, १२० जीबीची एसएसडी. उबंटूवर डॉकर कंपोजने तीन कंटेनर (प्रत्येक प्रोग्रॅमचा वेगळा डबा) उभे: मॅटरमोस्ट (आपल्याच मशीनवर चालणारं ऑफिस-चॅट), पोस्टग्रेस (त्याचा डेटाबेस), एनजिनएक्स (पुढे उभा राहून विनंत्या आत पाठवणारा वेब सर्व्हर). माणशी दरमहा पैसे घेणारं चॅट परवडत नाही आणि सौद्याचे भाव बाहेरच्या सर्व्हरवर ठेवायचे नाहीत, म्हणून हा खटाटोप.

बसवायला फार वेळ जात नाही. कॉन्फिग, डेटा, लॉग्ज या फोल्डरांची मालकी २०००:२००० ला (कंटेनरमधल्या मॅटरमोस्टच्या युजरला) दिली नाही तर मॅटरमोस्ट 'परमिशन डिनाइड' म्हणत उठतो नि पडतो. एनजिनएक्स मुळात १ एमबीच्या वरची फाइल घेत नाही. नमुन्याच्या हळकुंडांचा फोटो फोनवर ३-४ एमबीचा, म्हणजे पहिल्याच दिवशी ४१३ ('फाइल फार मोठी') ही एरर. 'क्लायंट मॅक्स बॉडी साइज' १०० एमबी करा. वेबसॉकेटची (मेसेज लगेच पोचवणाऱ्या, सतत उघड्या जोडणीची) अपग्रेड हेडरं पुढे पाठवायला विसरलात तर नवा मेसेज पान रिफ्रेश केल्याशिवाय दिसत नाही, आणि लोक नेटवाल्याला शिव्या घालतात.

आता खरं दुखणं. डॉकरचा नेहमीचा 'जेसन-फाइल' लॉग कधीच कापला जात नाही. मर्यादाच नाही! कंटेनर स्क्रीनवर जे टाकेल ते सगळं एकाच फाइलीत साठत जातं. एनजिनएक्सच्या इमेजमध्ये (कंटेनरच्या तयार साच्यात) ॲक्सेस लॉगही, म्हणजे आलेल्या प्रत्येक विनंतीची नोंद, तिकडेच वळवलेला. त्यात मॅटरमोस्टचा एसक्यूएल ट्रेस तपासणीपुरता चालू करून तसाच राहिला, तर डेटाबेसला विचारलेली प्रत्येक क्वेरी लॉगमध्ये. सातव्या महिन्यात, ऐन हंगामात, डिस्क १०० टक्के. पोस्टग्रेसला लिहायला जागा नाही, तो बंद. रीस्टार्ट पॉलिसी त्याला पुन्हा उठवते, तो पुन्हा पडतो, आणि प्रत्येक वेळी लॉगमध्ये आणखी ओळी. आगीत तेल.

इथे लॉगची फाइल उडवायला 'आरएम' मारू नका. फाइल उघडी असते, त्यामुळे नाव जातं पण जागा सुटत नाही. 'ट्रंकेट'ने आकार शून्य करा, लगेच जागा मोकळी होते. मग डॉकरच्या 'डीमन.जेसन' या सेटिंग फाइलीत मॅक्स-साइज १० एमबी, मॅक्स-फाइल ३, आणि डॉकर रीस्टार्ट.

एवढं करून लोक निर्धास्त होतात आणि तिथेच फसतात. ही मर्यादा फक्त नव्याने बनलेल्या कंटेनरला लागते. 'कंपोज रीस्टार्ट'ने जुनाच कंटेनर परत उठतो, जुन्याच सेटिंगवर. कंटेनर उभे करणाऱ्या 'अप -डी' कमांडला 'फोर्स-रीक्रिएट' जोडावं लागतं. खात्रीसाठी 'डॉकर इन्स्पेक्ट'मध्ये लॉगकॉन्फिग बघा. तिथे आकडा दिसला तरच झालं. डेटा व्हॉल्यूममध्ये (कंटेनरबाहेरच्या साठ्यात) असेल तर कंटेनर पाडायला भ्यायचं कारण नाही.

दोन तारे देणार होतो. पण वीज गेली, इन्व्हर्टरही बसला, तरी बायोसमध्ये 'वीज आली की चालू हो' एवढं लावलं की तिन्ही कंटेनर आपोआप उभे राहतात आणि पोस्टग्रेस स्वतःला सावरतो. म्हणून चार.

बाहेरून फोनवर चालवायला मात्र अडचण. ब्रॉडबँडवाला सीजीनॅटच्या मागे ठेवतो (एकच आयपी अनेक ग्राहकांत वाटलेला, म्हणून बाहेरून थेट पोचता येत नाही), स्टॅटिक आयपीचे वेगळे पैसे मागतो. ते देऊ नका, टेलस्केलवर (आपले फोन नि मशीन खासगी नेटवर्कात जोडणारं ॲप) भागतं.

पोस्टग्रेसला 'लेटेस्ट' टॅग लावू नका, आकडा लिहा. मोठी आवृत्ती बदलली की जुना डेटा तो उघडतच नाही. रोज रात्री 'पीजी-डंप' (डेटाबेसचा बॅकअप), सोबत डेटा फोल्डरची कॉपी, कारण फोटो डेटाबेसमध्ये नसतात. मशीन वरच्या मजल्यावर. २०१९ ला पाणी कुठवर आलं होतं ते सांगलीकरांना सांगायला नको.