९६ मिलिमीटरच्या स्कीवर ४१ दिवस

या हिवाळ्यात मी एका छोट्या वहीत रोज संध्याकाळी एकच ओळ लिहीत होते: आज पायाखाली बर्फ कसा होता. हंगाम संपल्यावर मोजदाद केली. एकूण ४१ दिवस. नडगीपर्यंत किंवा त्याहून खोल ताजा बर्फ मिळाला ते ६. रात्रीतून दहा-पंधरा सेंटिमीटर पडलाय, खाली जुना कडक थर आहे आणि दुपारपर्यंत सगळ्यांनी मिळून तो उकरून टाकलाय, असे ९. उरलेले २६ दिवस म्हणजे यंत्राने सपाट केलेले उतार, सकाळचा काचेसारखा टणकपणा, मोगल (उतारावरचे बर्फाचे उंचवटे) आणि शेवटी शेवटी ओला लगदा.

नवी जोडी घ्यायची ठरली तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे फक्त ते ६ दिवस होते. १०४ मिलिमीटर कमरेच्या, म्हणजे बुटाखाली तेवढ्या रुंद असलेल्या पावडर स्कीवर (खोल, भुसभुशीत बर्फासाठीच्या स्कीवर) मन बसलं होतं. शेवटी ९६ ची घेतली. ते का, आणि ते कुठे बरोबर ठरलं, कुठे कमी पडलं, हे सविस्तर लिहिते. मी शोधत होते तेव्हा बायकांच्या स्कीबद्दल ‘हलकी आहे, सोपी आहे, छान वळते’ यापलीकडे फारसं काही वाचायला मिळालं नव्हतं.

आधी माझ्याबद्दल, म्हणजे तुम्हाला तुलना करता येईल. उंची १६३ सेंटिमीटर, वजन ६१ किलो, स्कीइंगचा हा आठवा हिवाळा. तीव्र उतारावर न घाबरता जाते, मोगलांत दमते, झाडांमधून सावकाश उतरते. जुनी स्की १५३ सेंटिमीटर लांब, ८२ मिलिमीटर कमरेची, मऊ. ‘बायकांसाठी हीच योग्य’ असं सांगून मला ती दिली गेली होती. शिकताना तिने चांगली साथ दिली हे खरंच. पण वेग वाढला की तिची टोकं थरथरायची, आणि ताज्या बर्फात टोक खाली घुसायचं. मग मी मागे रेलायचे आणि दुपारपर्यंत मांड्या पेटायच्या. कितीतरी दिवस मी हा माझ्या तंत्राचा दोष समजत होते. थोडा होताही. पण बराचसा लांबीचा होता.

नवी जोडी १६८ सेंटिमीटर. माझ्या डोक्यापेक्षा ५ सेंटिमीटर उंच. दुकानात उभी करून पाहिली तेव्हा पोटात गोळा आला. कमर ९६, वळणाची त्रिज्या १५ मीटर, एका स्कीचं वजन १.७ किलोच्या आसपास. बुटाखाली कँबर, म्हणजे कमानीसारखा बाक. पुढे आणि थोडा मागे रॉकर, म्हणजे होडीच्या नाळेसारखं वर उचललेलं टोक. लाकडी गाभा आणि त्यावर मधल्या भागापुरता टायटनाल नावाच्या धातूचा एक पातळ पत्रा. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. दर दोन-तीन वर्षांनी मॉडेल बदलतं, नाव तेच राहतं आणि आतली रचना वेगळी होते. ही मोजमापं मात्र कुठल्याही दुकानात उपयोगी पडतील.

‘विमेन्स’ या शब्दाबद्दल सांगायलाच हवं. बऱ्याच कंपन्या एकाच घराण्यातल्या दोन स्की काढतात. ब्लिझार्डची ॲनोमली (आधीची ब्राह्मा) आणि ब्लॅक पर्ल, नॉर्डिकाची एन्फोर्सर आणि सांता आना, फोल्कलची मँट्रा आणि सीक्रेट. पहिली पुरुषांची किंवा सर्वांसाठीची, दुसरी बायकांची. फरक कशात असतो हे मॉडेलगणिक बदलतं. कुठे गाभ्याचं लाकूड हलकं असतं, कुठे धातू कमी, कुठे बाइंडिंग (बूट स्कीला पकडून ठेवणारी खोबण) बसवण्याची खूण किंचित पुढे सरकवलेली, आणि कुठे फक्त आखूड लांब्या आणि वेगळे रंग. त्यामुळे ‘बायकांची स्की म्हणजे मऊ’ हे गृहीत धरू नका आणि ‘बायकांची म्हणजे कमअस्सल’ हेही नको. वजन, लांबी, धातू आहे की नाही आणि खुणेची जागा, एवढं विचारलं की त्या शब्दामागे काय आहे ते कळतं. एखादी उंच, वेगाने जाणारी बाई ‘पुरुषांच्या’ स्कीवर जास्त सुखी असेल, आणि एखादा सडपातळ, कमी उंचीचा पुरुष बायकांच्या.

आता रुंदी. कमर म्हणजे बुटाखालची सगळ्यात अरुंद जागा. स्की कडेवर झुकवताना तुमचा पाय मध्यावर असतो आणि बर्फात रुतते ती बाजूची पोलादी कड. ८२ च्या स्कीत मध्यापासून कड ४१ मिलिमीटरवर, ९६ मध्ये ४८ वर, १०४ मध्ये ५२ वर. कागदावर हा फरक नखाएवढा. टणक बर्फावर मात्र हा तरफेचा दांडा घोट्याला आणि गुडघ्याला जाणवतो. १०४ ची मी एक दिवस भाड्याने घेऊन पाहिली होती. दुपारी मऊ बर्फात स्वर्ग. पण सकाळच्या कडक उतारावर एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जायला तिला इतका वेळ लागायचा की मी प्रत्येक वळणाला अर्धा क्षण उशिरा पोचत होते. चौथ्या फेरीला गुडघ्याची आतली बाजू दुखायला लागली. हिवाळ्यात असल्या सकाळी किती असतात हे मोजलं, आणि निर्णय तिथेच झाला. भाड्याने घेऊन बघता येत असेल तर कडक बर्फाच्या दिवशी जरूर बघा. मऊ बर्फात प्रत्येक स्की आवडते.

ते ६ खोल दिवस कसे गेले? माझ्या अपेक्षेपेक्षा फार चांगले. तरंगण्याचं श्रेय मी आधी सगळं रुंदीला देत होते. पण लांबी १५ सेंटिमीटरने वाढल्यामुळे बर्फावर टेकणारी जागा त्यामुळेच दहा टक्क्यांच्या आसपास वाढली, आणि रॉकरने उरलेलं काम केलं. टोक आधीच वर पाहत असल्यामुळे ते खाली घुसत नाही, वर चढतं. शेन मॅककॉन्की या स्कीपटूने वॉटर-स्कीवरून धडा घेऊन उलट्या बाकाची स्की मांडली आणि २००२ मध्ये व्होलांट कंपनीची स्पॅट्युला बाजारात आली. तेव्हा ती विचित्र दिसायची. आज जवळजवळ प्रत्येक ऑल-माउंटन (सगळ्या प्रकारच्या बर्फावर चालणाऱ्या) स्कीच्या टोकात त्या कल्पनेचा अंश आहे. खोल बर्फ पाण्यासारखा वागतो हे त्याने ओळखलं होतं, आणि पहिल्या खोल दिवशी ते माझ्या तळपायांना कळलं.

तो दिवस लख्ख आठवतो. रात्रभर पडत होता, सकाळी गुडघ्याच्या थोडं खाली. पहिल्या तीन वळणांत मी सवयीने मागे रेलले आणि स्की माझ्याखालून पुढे पळाली. मग थांबून स्वतःला बजावलं: नडगी बुटाच्या जिभेला टेकलेली ठेव, दोन्ही पायांवर सारखं वजन दे. चौथ्या वळणाला स्की बर्फाच्या आत दबली, तळाशी किंचित थांबली आणि आपणहून वर आली. त्या उसळीला बसून पाचवं वळण. आवाज नाही, कंप नाही, फक्त छातीवर उडणारा भुसा. आठ वर्षांत असं पहिल्यांदाच झालं, आणि खाली पोचल्यावर माझ्या डोळ्यांत पाणी होतं. ‘पावडरमध्ये मागे बसा’ हा सल्ला जुन्या, सरळ, अरुंद स्कीच्या काळातला. रॉकर असलेल्या स्कीवर तो विसरा.

त्याच दुपारी पडले आणि डावी स्की सुटली. ती दिसेचना. वीस मिनिटं खणत होते, तेही चुकीच्या जागी, खालच्या बाजूला. स्की सापडली मी पडले त्याच्या वरच्या बाजूला, दीड-दोन मीटरवर, बर्फाखाली आडवी. मी पुढे घरंगळले होते, ती जिथे सुटली तिथेच रुतली होती. आता खोल बर्फात प्रत्येक स्कीला बाइंडिंगपाशी एक लांब भडक रंगाची फीत बांधते आणि तिचं सुटं टोक पॅंटच्या पायघोळात खोचते. आणि शोधायचं झालं तर काठी आडव्या रेषांत, हातभर अंतराने, वरून खाली खुपसत येते.

बाइंडिंगच्या जागेवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, आणि तोच सगळ्यात फळला. माझं बाइंडिंग रुळावर पुढेमागे सरकणारं आहे. सुरुवातीला दुकानात ते खुणेच्या १ सेंटिमीटर पुढे बसवलं होतं, ‘बायकांना पुढेच बरं पडतं’ म्हणून. सपाट उतारावर वळणं चटकन व्हायची. उकरलेल्या बर्फात मात्र टोक दर ढिगाऱ्यावर अडखळायचं. आठव्या दिवशी खुणेवर आणलं, अडखळणं थांबलं. खोल दिवसांसाठी खुणेच्या १ सेंटिमीटर मागे नेऊन पाहिलं. टोक आणखी मोकळं झालं, पण झाडांमध्ये शेपटी जड वाटू लागली. परत खुणेवर आणलं आणि हंगामभर तिथेच ठेवलं. दर वेळी कार्यशाळेतच करून घेतलं, कारण पुढचा आणि मागचा भाग सरकवल्यावर बुटावरचा दाब पुन्हा तपासावा लागतो. तो चुकला तर स्की नको तेव्हा सुटते, किंवा हवी तेव्हा सुटत नाही.

तसंच डिन आकड्याचं, म्हणजे किती जोर आल्यावर बाइंडिंगने बूट सोडायचा ते ठरवणाऱ्या आकड्याचं. तो वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची मिलिमीटरमधली लांबी आणि तुम्ही किती आक्रमक स्की करता यावरून तक्त्यात बघून काढतात. त्या फॉर्मवर वजन कमी लिहू नका. मी पूर्वी लिहिलंय. काउंटरपाशी चारचौघांत संकोच वाटतो, पण त्या आकड्यावर गुडघ्याचे स्नायुबंध अवलंबून असतात. ब्रेकची, म्हणजे सुटलेल्या स्कीला अडवणाऱ्या दांड्यांची, रुंदीही बघा. ९६ च्या कमरेला १०० चा ब्रेक नीट बसतो, ११५ चा घेतला तर दांड्या बाहेर राहतात आणि कडेवर झुकल्यावर बर्फाला घासतात.

कडक बर्फावर टायटनाल उपयोगी पडतं. नाव ऐकून मला ते टायटॅनियम वाटायचं. प्रत्यक्षात तो ॲल्युमिनियमचा मिश्रधातू आहे. त्याचं काम कंप शोषून घेण्याचं आणि वळणात स्कीला पीळ बसू न देण्याचं. माझ्या स्कीत तो फक्त मधे आहे, त्यामुळे वेगात पायाखाली भक्कम आणि टोकाला थोडी फडफड. ती फडफड ऐकून पहिले दोन दिवस घाबरले, मग लक्षात आलं की रॉकरमुळे टोक बर्फाला टेकतच नाही, ते हवेत हलतंय. पूर्ण पत्र्याची स्की याहून शांत असते, पण वजनाने जास्त आणि मोगलांत निर्दय. माझ्या मांड्यांचा विचार करता हा मधला मार्ग मला पटला.

तक्रारी सांगते. पहिले दोन दिवस स्की अक्षरशः आडमुठी होती. वळण सुरू व्हायच्या आधीच कड पकडायची आणि सोडायचीच नाही. माझंच काही चुकतंय असं वाटून रडकुंडीला आले. कार्यशाळेत सरळपट्टी ठेवून दाखवलं: तळाच्या कडा मधल्या भागापेक्षा किंचित वर राहिल्या होत्या. तळ दगडी चाकावर सपाट करून तळाकडून १ अंश, बाजूने २ अंश कोन दिला आणि स्की बदलून गेली. नवी स्की विचित्र वागली तर स्वतःला दोष देण्याआधी हे तपासून घ्या. शिवाय वरच्या पृष्ठभागाचे कोपरे उडाले आहेत, कारण मी स्की एकमेकींवर आपटते. आणि मोगल. तिथे ही लांबी मला अजूनही जड जाते. मोगलांवर मनापासून प्रेम असेल तर माझ्या उंचीला १६० च्या आसपास बघा.

बुटांबद्दल थोडंच, पण ते स्कीच्याही आधी. बऱ्याच बायकांच्या पोटरीचा फुगीर भाग खाली असतो, म्हणून बायकांच्या बुटाची वरची कॉलर आखूड आणि रुंद असते. ती नीट बसली नाही तर टाच उचलली जाते, आणि मग ९६ ची कमर झुकवायला जोरच पोचत नाही. माझे जुने बूट अर्ध्या मापाने मोठे होते. ते बदलल्यावर हीच स्की एक इयत्ता वर गेल्यासारखी वाटली.

रुंद स्की तुम्हाला आखलेल्या उताराबाहेर बोलावते. मीही गेले. पण ट्रान्सीव्हर (गाडलेल्या माणसाचा माग देणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं घेऊन, त्यांचा सराव करून, त्या दिवसाचा हिमस्खलनाचा इशारा वाचून आणि जाणत्या सोबत्यांबरोबर. यातलं एक जरी नसेल तरी आखलेल्या उतारावरच राहते.

कुणी घ्यावी? आठवड्यातून एकदा ताजा बर्फ मिळतो, बाकी दिवस मिळेल तो बर्फ, आणि घरात एकच जोडी ठेवायची आहे, अशा प्रत्येकीने ९० ते ९८ कमरेत शोधावं, हनुवटीपासून डोक्याच्या वरपर्यंतच्या लांबीत. रॉकर मोठा असेल तर वरच्या टोकाकडे जा, भीती वाटली तरी. मला ती भीती पाच दिवस पुरली. ज्या जवळजवळ कायम कडक, सपाट उतारावर असतात त्यांनी ८० च्या आसपास राहावं, त्यांना ९६ ओढावी लागेल. आणि जिथे दर दोन दिवसांनी गुडघाभर पडतो तिथे राहणाऱ्यांनी १०४ च घ्यावी, त्यांची वही माझ्यापेक्षा वेगळी असेल.

शेवटच्या दिवशी लगद्याखालच्या दगडाने उजव्या स्कीच्या तळाला बोटभर ओरखडा पाडला. तो भरून घेतला, कडा पुसून कोरड्या केल्या, तळावर आणि कडांवर मेणाचा जाड थर दिला आणि तो न खरवडता तसाच ठेवला. पट्टा सैल बांधलाय, म्हणजे कँबरवर दाब राहणार नाही. वही त्याच कप्प्यात ठेवली आहे, पेनासकट.