क्यूफील्ड: सर्व्हेसाठी उत्तम, पण नागपूरचा झोन आधी तपासा

झाडांची मोजणी, बोअरवेलच्या नोंदी किंवा लेआउटमधल्या नाल्या नकाशावर घ्यायच्या असतील, तर क्यूफील्डइतकं कामाचं फुकट ॲप मिळणं कठीण. क्यूजीआयएस या कॉम्प्युटरवरच्या नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये बनवलेला प्रोजेक्ट रंग, चिन्हं आणि फॉर्मसकट फोनवर उघडतो. अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हीवर चालतं, बेसमॅप (मागचा तयार नकाशा) आधीच भरून नेला तर नेटही लागत नाही. पण खरं काम कॉम्प्युटरवर होतं आणि घोळही तिथेच होतात.

सगळ्यात महागात पडतो तो झोनचा घोळ. पुण्या-मुंबईकडून आलेला तयार प्रोजेक्ट बहुधा यूटीएम ४३ उत्तरमध्ये असतो. यूटीएम म्हणजे पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे उभे पट्टे, म्हणजेच झोन, करून मीटरमध्ये मोजायची पद्धत. ७८ पूर्व रेखांश ओलांडला की ४४ लागतो. म्हणजे अमरावती ४३ मध्ये, वर्धा आणि नागपूर ४४ मध्ये. बिंदू नकाशावर बरोबर जागी दिसतो, त्यामुळे कोणाला शंकाच येत नाही. मात्र सपाट अंतर (पृथ्वीचा गोलावा न धरता) काढलं की नागपुरात किलोमीटरमागे सुमारे १.८ मीटर जास्त भरतं, आणि क्षेत्रफळ एकरामागे दीडशे चौरस फुटांहून अधिक वाढतं. प्लॉटचा भाव चौरस फुटावर ठरतो, तिथे हे चालणार नाही. प्रोजेक्टला ईपीएसजी ३२६४४ (यूटीएम ४४ उत्तरचा कोड) द्या. मग अंतरातला हा फरक किलोमीटरमागे दहा सेंटिमीटरच्या आत येतो.

लेयर (नोंदींचा थर) जिओपॅकेज या फाइल-प्रकारातच ठेवा. शेपफाइल या जुन्या प्रकारात कॉलमच्या नावाला दहाच बाइट मिळतात आणि यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं. ‘झाडाचे नाव’ लिहिलं तर ‘झाड’ एवढंच उरतं. दोन-तीन फोनवर काम वाटायचं असेल, तर ओळखक्रमांकाच्या रकान्यात डिफॉल्ट म्हणून यूयूआयडी (प्रत्येक नोंदीला आपोआप मिळणारा वेगळा क्रमांक) टाका. नाहीतर दोन्ही फोन एकच क्रमांक देतात आणि डेटा जोडताना नोंदी एकमेकींवर बसतात. फोटोचा पाथ (फाइलचा पत्ता) प्रोजेक्टच्या फोल्डरपासूनच धरा. पूर्ण पाथ दिला तर परत आल्यावर रिकाम्या चौकटी दिसतात.

अँड्रॉइडवर प्रोजेक्ट ॲपच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये आयात होतो. काही बिघडलं म्हणून ॲप काढून पुन्हा टाकलं, तर नोंदी आणि फोटो दोन्ही जातात. रोज संध्याकाळी एक्सपोर्ट कराच.

अचूकतेबाबत ॲपला दोष देण्यात अर्थ नाही. मोकळ्या मैदानात साधा फोन साधारण तीन ते पाच मीटरपर्यंत येतो. नागपुरातल्या महाल, इतवारीच्या गल्ल्यांत भिंतींवरून परतलेला सिग्नल बिंदू समोरच्या घरावर नेऊन ठेवतो. तिथे सरासरी घेण्याची सोय चालू करा, अचूकतेची मर्यादा ठरवा, आणि त्याहून नेमकं हवं असेल तर ब्लूटूथने बाहेरचा जीएनएसएस (जीपीएससारख्या उपग्रहांचा) रिसिव्हर जोडा. वर्धा रोडवर खाली रस्ता, त्यावर उड्डाणपूल आणि त्यावर मेट्रो आहे. फोनच्या उंचीवरून यातला थर ओळखू येत नाही. त्यासाठी फॉर्ममध्ये ‘थर’ असा वेगळा रकाना करून तो भरणं सक्तीचं ठेवा. ही सोय ॲपमध्ये छान आहे: रकाना रिकामा असेल तर नोंद सेव्हच होत नाही.

मे महिन्यात उन्हात फोन तापला की स्क्रीन मंद होते आणि चार्जिंग थांबतं. सर्व्हे सकाळी दहाच्या आत आटोपेल असाच आखा.