ताकद वीसवर थांबवावी का? तीन रोलप्लेइंग खेळांची तुलना

कापसाची एक दाबलेली गाठ साधारण १७० किलोची असते. ज्याचे बालपण जिनिंग-प्रेसिंगच्या आवारात गेले आहे, त्याला हे वजन कागदावरून शिकावे लागत नाही. पट्ट्यांनी आवळलेला तो ठोकळा एकटा माणूस उचलत नाही, हे त्याने रोज पाहिलेले असते. जळगावच्या आमच्या टेबलावर, म्हणजे खेळणाऱ्या गटात, डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या (या रोलप्लेइंग खेळात प्रत्येकजण एका काल्पनिक पात्राची भूमिका घेतो आणि पात्राचे गुण कागदावर अंकांत लिहिलेले असतात) पहिल्याच बैठकीत गोदामातली अशी एक गाठ हलवण्याचा प्रसंग आला. ताकद १३ असलेल्या पात्राने ती उचलली आणि नियमानुसार त्यात काहीही चूक नव्हते. जिनिंगवाल्या घरातला खेळाडू मात्र तिथेच अडला: "हाई गाठ एकला मानूस कसा उचली?" नवे टेबल सुरू करणारे मला जेव्हा विचारतात की डन्जन्स अँड ड्रॅगन्सची पाचवी आवृत्ती घ्यावी, गर्प्स घ्यावे की कॉल ऑफ क्थुलू, तेव्हा मी आधी त्यांना हा प्रश्न सांगतो. गुणांना कमाल मर्यादा आहे की नाही, यापेक्षा त्या गुणातला एकेक अंक प्रत्यक्षात काय उचलतो, हे पाहणे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

डन्जन्स अँड ड्रॅगन्समध्ये १९७४ सालापासून ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि व्यक्तिमत्त्वाचा प्रभाव असे सहा गुण आहेत. मुळात ते तीन सहापैलू फाशांच्या बेरजेने ठरत. म्हणजे ३ ते १८, सरासरी साडेदहा आणि १८ पडण्याची शक्यता २१६ मध्ये एक. माणसांच्या गर्दीत असामान्य माणूस जितका विरळा, तितकाच तो कागदावरही विरळा राहत असे. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत गुण वाढण्याला वरची हद्द उरली नाही. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीने खेळाडूंच्या पात्रांना २० ची आणि राक्षस-देवतांना ३० ची हद्द घातली. अपवाद थोडे, जसे विसाव्या पातळीवरचा, म्हणजे अनुभवाच्या सर्वोच्च पायरीवरचा बार्बेरियन (रानटी योद्धा), ज्याची ताकद २०१४ च्या त्या पुस्तकात २४ पर्यंत जाते.

ही २० ची हद्द वास्तवासाठी घातलेली आहे असे अनेकजण समजतात, पण माझ्या मते तिचे खरे काम खेळाचा तोल राखणे हे आहे. पहिल्या पातळीवरचे पात्र आणि पंधराव्या पातळीवरचे पात्र यश-अपयश ठरवणाऱ्या एकाच वीसपैलू फाशाच्या आवाक्यात राहावे, यासाठी ती आहे, आणि ते काम ती उत्तम करते. वास्तवाच्या कसोटीवर मात्र ती टिकत नाही. या आवृत्तीत उचलण्याची मर्यादा म्हणजे ताकदीच्या ३० पट पौंड. त्यामुळे ताकद १० असलेला सामान्य माणूस १३६ किलो उचलतो, १३ वाला १७७ किलो, आणि अशक्त समजला जाणारा ८ वालासुद्धा क्विंटलभराचे पोते उचलून दाखवतो. शिवाय पुस्तकातल्या ओगर राक्षसाची ताकद १९ आहे, म्हणजे २० ताकदीचा माणूस त्याच्याशी पंजा लढवायला बसला तर कागदावर माणसाचेच पारडे जड ठरते.

पंजाचे उदाहरण आणखी थोडे पुढे न्यावेसे वाटते, कारण खानदेशातल्या गावच्या जत्रेत कुस्तीचा फड पाहिलेल्या खेळाडूंना तेच सर्वांत जास्त खटकते. ताकद २० आणि ताकद ८ यांनी वीसपैलू फासा टाकून निव्वळ ताकदीवर पंजा लढवला, तर फाशाच्या आकड्यात एकाला अधिक ५ आणि दुसऱ्याला उणे १ मिळतो. फाशांच्या ४०० जोड्यांपैकी ९१ जोड्यांमध्ये दुबळा जिंकतो, म्हणजे चारातून जवळजवळ एकदा. एवढ्या फरकाची जोड फडावर कोणी लावणारच नाही, आणि लावली तरी चारातून एकदा असा निकाल लागणार नाही. ज्याचा प्रत्येक आकडा सारखाच संभवतो अशा एका फाशावर सारे सोपवले की नशीब ताकदीवर मात करते. साहसकथेत ते हवेसेही असते; फक्त त्याला वास्तव म्हणू नये.

स्टीव्ह जॅक्सन गेम्सने १९८६ मध्ये आणलेले गर्प्स येथे स्पष्टपणे सरस ठरते. त्यात चारच मूलभूत गुण आहेत: ताकद, कौशल्याची चपळाई, बुद्धी आणि आरोग्य. सामान्य माणसाचा अंक १०, बहुतेक माणसे ८ ते १२ च्या दरम्यान, आणि २० च्या पुढे जायचे तर गेम मास्टरची (खेळ चालवणाऱ्याची) परवानगी. मुख्य फरक असा की उचलण्याची क्षमता ताकदीच्या वर्गाप्रमाणे वाढते: ताकदीचा वर्ग भागिले पाच, इतके पौंड हे मूळ माप, आणि दोन्ही हातांनी त्याच्या आठपट. त्यामुळे १० वाला सुमारे ७३ किलो उचलतो, १४ वाला सुमारे १४१ किलो, आणि आपली १७० किलोची गाठ उचलायला १६ लागतात. आमच्या जिनिंगवाल्या मित्राला हा आकडा पटला.

याहून सुंदर तपशील पाठीवरच्या ओझ्याचा आहे. बाजार समितीत हमाल पोते जमिनीवरून स्वतः उचलत नाही. दोघे ते धरून त्याच्या पाठीवर देतात, आणि मग तो ते घेऊन चालतो. गर्प्समध्ये पाठीवरची कमाल मर्यादा मूळ मापाच्या पंधरापट आहे, हातांनी उचलण्याच्या जवळजवळ दुप्पट. म्हणजे १० ताकदीच्या माणसाला क्विंटलचे पोते उचलता येत नाही, पण पाठीवर दिले तर चार पावले नेता येते, आणि थकवा झपाट्याने चढतो. ज्याने हा नियम लिहिला त्याने ओझे वाहणारा माणूस नीट पाहिला असावा, असे मला मनापासून वाटते.

पंजाही तिथे वेगळा लागतो. गर्प्समध्ये तीन सहापैलू फासे टाकतात आणि त्यांची बेरीज मध्याकडे झुकते, त्यामुळे १४ विरुद्ध ९ अशा सामन्यात दुबळ्याच्या विजयाची शक्यता दहा टक्क्यांच्या आत राहते. हद्द मात्र खर्चातून येते, कारण पात्र बनवताना ठरावीक पॉइंट मिळतात आणि सारे त्यांतूनच घ्यायचे असते. ताकदीची प्रत्येक पायरी १० पॉइंटना, चपळाई आणि बुद्धीची २० पॉइंटना. पहिलवान व्हायचे तर दुसरीकडे कुठेतरी हात आखडता घ्यावा लागतो. याची किंमत म्हणजे वेळ. गर्प्सचे पहिले पात्र बनवायला आमच्याकडे एक आख्खा रविवार गेला होता, आणि दोन नवे खेळाडू त्यानंतर परत आले नाहीत.

कॉल ऑफ क्थुलू हा १९८१ चा भयकथांचा खेळ वजनाच्या हिशेबात फारसा शिरत नाही. सातव्या आवृत्तीत गुण टक्क्यांसारखे आहेत आणि माणसाची कमाल ९९. त्याचे बलस्थान वयात आहे. पात्र चाळिशीत असेल तर शरीराच्या गुणांतून ५ वजा, पन्नाशीत १०, साठीत २०, सत्तरीत ४०; उलट शिक्षण वाढवण्याची संधी वयाबरोबर जास्त मिळते. मानसिक स्थैर्याची कमाल मर्यादा तर खेळता खेळता खाली येते, कारण निषिद्ध ज्ञान जितके वाढते तितके ९९ मधून वजा होते. वर न जाता खाली सरकणारी अशी हद्द इतर दोन्ही खेळांच्या मूळ रचनेत नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी घडणारी, निवृत्त शिक्षक आणि रेल्वे कर्मचारी यांची गूढकथा खेळायची असेल, तर मी दुसरा पर्याय सुचवणार नाही.

वास्तवाच्या नावाखाली एक जुनी चूकही झाली आहे. डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या १९७८ च्या ॲडव्हान्स्ड आवृत्तीत स्त्री पात्रांच्या ताकदीला पुरुषांपेक्षा कमी हद्द होती. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीने ती काढली. घरचा नियम म्हणून ती पुन्हा आणू नये. पात्र हे लोकसंख्येची सरासरी नसते, ती एक विशिष्ट व्यक्ती असते, आणि अशा नियमाने टेबलावरच्या मुलीला पहिल्याच दिवशी सांगितले जाते की तिची नायिका दुय्यम आहे.

सगळेच नवखे असतील आणि साहस हवे असेल, तर डन्जन्स अँड ड्रॅगन्सची पाचवी आवृत्ती घ्यावी आणि २० ची हद्द तशीच ठेवावी. ओझ्याबाबत मात्र तिच्या २०१४ च्या पुस्तकातला पर्यायी नियम लागू करावा: ताकदीच्या पाचपट पौंडांपलीकडे गेले की चाल मंदावते. १० ताकदीच्या माणसासाठी हे सुमारे २३ किलो होतात, जवळपास रावेरकडच्या केळीच्या एका भरदार घडाइतके, आणि घड खांद्यावर घेऊन बांधावरून चाललेल्या कोणालाही त्याबद्दल शंका येणार नाही. गर्प्स त्यांनी घ्यावे, ज्यांच्याकडे महिनाभर टिकणारे चार खेळाडू आणि हिशेबाची आवड आहे. आम्ही आता तेच खेळतो, आणि गाठ हलवायची असली की तिघे मिळून हलवतो.