मॅग्नेटिक रुबिक क्यूब : पावसाळाभर वापरल्यानंतर

शाळा सुरू झाल्या त्या सुमाराला लेकीसाठी थ्री बाय थ्रीचा मॅग्नेटिक क्यूब मागवला. ती सातवीत आहे. आता दिवाळीची सुट्टी संपत आलीय आणि मधल्या काळात हा क्यूब दप्तरातून, एसटीतून, जेवणाच्या ताटाशेजारून भरपूर फिरलाय, तेव्हा लिहायला हरकत नाही. आधी निकालच सांगते. पोराला क्यूब सोडवता येत असेल तर खुशाल घ्या. येत नसेल तर एवढ्यात नको. शिकायला जत्रेतला साधा पुरतो.

कारण चुंबक क्यूब सोडवून देत नाही, तो फक्त थर जागेवर आणतो. प्रत्येक कोपऱ्याच्या तुकड्याला कडेचे तीन तुकडे चिकटून असतात. ते जिथे भेटतात तिथे दोन्ही बाजूंना आतून एकेक बारकं चुंबक बसवलेलं असतं. कोपरे आठ, म्हणजे २४ जोड्या, ४८ चुंबकं. थर फिरवताना बोट थोडं आधी सुटलं तरी राहिलेलं अंतर तो स्वतःच ओढून घेतो आणि बारीकसा टक् आवाज येतो. आमच्या जुन्या क्यूबचा थर हमखास तिरका राहायचा. मग पुढचा फिरवायला गेलं की अडकायचा आणि पोरगी दात-ओठ खाऊन जोर लावायची. ते पूर्ण थांबलं. नुसती बोटं हलतात, मनगट लागत नाही.

गंमत म्हणजे चुंबकाची कल्पना रुबिकच्याही आधीची आहे. लॅरी निकोल्स या अमेरिकन माणसाला १९७२ मध्ये टू बाय टू कोड्याचं पेटंट मिळालं, आणि त्यातले आठही तुकडे चुंबकांनीच एकमेकांना धरलेले होते. बुडापेस्टमध्ये शिकवणाऱ्या एर्नो रुबिकने आपला क्यूब केला तो १९७४ मध्ये, पहिला नमुना लाकडाचा. त्याची करामत अशी की तुकडेच एकमेकांना अडकवून धरतात, ना चुंबक ना दोरा. स्वतःचंच कोडं सोडवायला त्याला जवळपास महिना लागला होता. हे लेकीला सांगितल्यावर तिचा पहिल्या आठवड्यातला रडवेपणा बराच कमी झाला. जगभर हा क्यूब रुबिकच्या नावाने विकायला लागला १९८० मध्ये.

आता तक्रारी.

पहिली आणि सगळ्यात मोठी म्हणजे लाल आणि केशरी रंग. दिवसा काही प्रश्न नाही. पण आमच्या जेवणघरात पिवळा दिवा आहे, त्याखाली दोन्ही रंग भावंडं वाटतात. नेहमीच्या रंगरचनेत पांढऱ्यासमोर पिवळा, निळ्यासमोर हिरवा आणि लालसमोर केशरी असतो. समोरासमोरचे रंग एकाच तुकड्यावर कधी येत नाहीत. तेवढ्याने थोडा अंदाज बांधता येतो, पण पांढरा-लाल की पांढरा-केशरी हा घोळ राहतोच. शेवटी पांढऱ्या दिव्याखाली बसायची सवय लावली.

दुसरी तक्रार बाजूच्या मधल्या तुकड्यावरच्या झाकणाची. एका बाजूचं झाकण लवकरच सैल झालं. विक्रेत्याने बदलून देतो म्हणून सांगितलं आणि मग गप्प. आम्ही दुहेरी चिकटपट्टीचा इवलासा तुकडा आत लावला, तेव्हापासून निघालेलं नाही. त्या झाकणाखालीच स्क्रू असतो. तो सैल-घट्ट करून क्यूबची पकड बदलता येते, पण सहाही बाजूंचे स्क्रू सारखेच फिरवा, नाहीतर एक थर लोण्यासारखा आणि दुसरा ताठ असं होतं. वंगण म्हणून क्यूबसाठी मिळणारं सिलिकॉन थेंब-दोन थेंब पुरे. सासूबाईंनी खोबरेल सुचवलं होतं; ते धूळ धरून चिकट होतं, नका घालू.

तिसरी गोष्ट तक्रार म्हणावी की नाही, कळत नाही. असे क्यूब मुद्दाम सैल बांधलेले असतात, त्यामुळे हातातून पडला की एखादा कोपरा जागच्या जागी फिरतो. गणपतीच्या दिवसांत एकदा लेक रडकुंडीला आली. "आई, सगळं झालं गं, एकच कोपरा उलटा राहतोय, फॉर्म्युला तीनदा केला." फॉर्म्युला, म्हणजे थर फिरवायचा पाठ केलेला क्रम, तीनशेदा केला असता तरी उपयोग नव्हता. नियमाने थर फिरवून एकटा कोपरा कधीच उलटा होत नाही. त्याला चिमटीत धरून हलकेच पिळायचं, तो जागेवर वळतो, संपलं. नणंदेच्या मुलाने तर साफ करायला म्हणून सगळा क्यूब खोलला आणि तुकडे हाताला येतील तसे परत बसवले. असा जोडलेला क्यूब बारा वेळांतून एकदाच सुटण्याजोगा निघतो. खोलायचाच असेल तर जोडताना रंग जुळवूनच जोडा.

वेळ सुधारला का? हो. दीड-दोन मिनिटांवरून आता मिनिटाच्या आत येते. यात क्यूबचा वाटा थोडा, सरावाचा जास्त. १९८२ च्या बुडापेस्टमधल्या जागतिक स्पर्धेत मिन थाय २२.९५ सेकंदांत जिंकला होता, आणि २०२३ मध्ये मॅक्स पार्कने ३.१३ सेकंदांची नोंद केली. या क्यूबच्या रचना होतात ४३ वर अठरा शून्यं याहूनही जास्त, आणि तरी त्यातली कुठलीही जास्तीत जास्त २० चालींत सुटते, हे २०१० मध्ये संगणकांच्या मदतीने सिद्ध झालं. आमच्या घरच्या पद्धतीने शंभरच्या वर सहज जातात. गणिताचे मार्क वाढतील या आशेवर कुणी घेत असेल तर आमच्याकडे चाचणीत होते तेवढेच आहेत.

एक मात्र गंभीरपणे सांगते. घरात रांगतं मूल असेल तर फुटलेला मॅग्नेटिक क्यूब लगेच टाकून द्या. आतली सुटी चुंबकं एकापेक्षा जास्त गिळली गेली तर आतड्याच्या घड्या मध्ये धरून एकमेकांना चिकटतात आणि ऑपरेशनची वेळ येऊ शकते. भाचीचं बाळ आलं की आमचा क्यूब कपाटाच्या वरच्या फळीवर जातो.

लेकीला आता फोर बाय फोर हवाय. त्याला ठरलेला मधला तुकडाच नसतो, म्हणजे कुठली बाजू कुठल्या रंगाची हेसुद्धा आधी आपणच जुळवायचं. किंमतही चांगलीच जास्त आहे. वाढदिवसापर्यंत थांब म्हटलंय. बाबांकडे वशिला लावणं चालू आहे.