नावडतीचं मीठ: सेकंड हँड बाजारातल्या लोगन, पॅलिओ, नॅनो आणि इंडिका

बदनाम गाडी स्वस्त मिळते, एवढं सगळ्यांना माहीत असतं. ती बदनाम कशामुळे झाली हे मात्र फार कमी लोक विचारतात. रूपाला नावं ठेवली गेली असतील, कंपनीनं दुकान गुंडाळलं असेल किंवा टॅक्सीवाल्यांनी ती भरपूर वापरली म्हणून घरच्यांनी नाक मुरडलं असेल, तर ते नुकसान पहिल्या मालकानं सोसलेलं आहे आणि फायदा तुमचा आहे. दोष लोखंडात असेल तर मात्र गाडी कितीही स्वस्त मिळो, ती महागच पडते. या चार गाड्या त्या हिशेबानं तपासल्या आहेत.

सुरुवात लोगनपासून, कारण चौघींत सगळ्यात जास्त अन्याय हिच्यावर झाला. रेनोनं २००४ साली रुमानियातल्या डाचियासाठी काढलेली ही गाडी २००७ मध्ये महिंद्रा-रेनोच्या भागीदारीत नाशिकला बनू लागली. भागीदारी २०१० मध्ये मोडली आणि २०११ पासून तीच गाडी 'व्हेरिटो' नावानं विकली गेली. सरळ रेषा, सपाट काचा, आत राखाडी प्लास्टिक. दिसायला खोकंच. त्यात लांबी ४,२४७ मिमी. ४ मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांना २००६ च्या अर्थसंकल्पात एक्साइजची सवलत मिळाली होती, ती हिला लागू नव्हती. म्हणजे साधेपणावर वाचवलेला पैसा करात गेला आणि शोरूममध्ये गाडी 'एवढ्या पैशात एवढंच?' अशी दिसू लागली. मग टॅक्सीवाल्यांनी ती उचलली आणि घरगुती गिऱ्हाईक संपलं.

आता माल बघा. डिकी ५१० लिटरची, मागे तीन माणसं खरोखर खांद्याला खांदा न घासता बसतात आणि खड्ड्यांतली चाल आजच्या कित्येक नव्या गाड्यांपेक्षा चांगली आहे. डिझेलमधलं १,४६१ सीसीचं डीसीआय इंजिन ६५ अश्वशक्तीचं. याच घराण्याचं इंजिन पुढे डस्टर, सनी, मायक्रा आणि टेरानोमध्ये आलं, त्यामुळे ते उघडलेला मिस्त्री जिल्ह्याच्या ठिकाणी सापडतो. खरी गैरसोय एकच: मागच्या सीटची पाठ दुमडत नाही, म्हणजे शिडी किंवा लांब पाइप न्यायचा असेल तर टपावर कॅरिअर हवं.

इंजिनाची दुखणी दोन, आणि दोन्ही विकत घेण्याआधी पकडता येतात.

पहिलं टायमिंग बेल्टचं. हा बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हला धडकतात आणि हेड उतरवावं लागतं. ८०,००० ते १ लाख किमी किंवा पाच-सहा वर्षं, यातलं जे आधी येईल तेव्हा बेल्ट बदलायचा, आणि नुसता बेल्ट नाही, तर टेन्शनर, आयडलर आणि वॉटर पंपही त्याच वेळी. पंप त्याच बेल्टवर फिरतो, त्यामुळे पंप गळायला लागला तर तीच मजुरी पुन्हा द्यावी लागते. बिल दाखवता येत नसेल तर बेल्ट बदललेला नाही असं धरा आणि तेवढे पैसे किमतीतून कापा. 'मागच्या वर्षीच टाकलाय' याला बिलाशिवाय काही किंमत नाही.

दुसरं दुखणं डिझेल सिस्टिमचं, आणि ते जास्त महागडं. जुन्या ६५ अश्वशक्तीच्या इंजिनात डेल्फी कंपनीची इंधनाची सिस्टिम आहे. हाय प्रेशर पंप आतून झिजायला लागला की धातूची बारीक पूड डिझेलबरोबर पुढे जाते आणि चारही इंजेक्टर, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे नोझल, खराब करते. तपासणी सोपी आहे. डिझेल फिल्टर काढा आणि त्यातलं डिझेल पांढऱ्या वाटीत ओता. वाटी उन्हात धरून हलवा. डिझेल जरा मळकट असेल तर चालतं. पण वाटीच्या तळाशी चंदेरी चमचम फिरताना दिसली, सणाच्या रांगोळीतल्या चमकीसारखी, तर गाडी तिथेच सोडा. पंप, चार इंजेक्टर, रेल आणि टाकी-पाइपची सफाई हा खर्च गाडीच्या किमतीच्या पुढे जातो, आणि नुसते इंजेक्टर बदलले तर काही महिन्यांत पुन्हा पहिले पाढे.

वाटी स्वच्छ निघाली तर पुढची पायरी रिटर्न टेस्ट, म्हणजे प्रत्येक इंजेक्टर किती जादा डिझेल परत टाकीकडे पाठवतो ते मोजणं. चारही इंजेक्टरचे रिटर्न पाइप सोडून प्रत्येकाला एकसारखी पारदर्शक बाटली लावायची, इंजिन आयडलवर दोन-तीन मिनिटं आणि मग २,५०० आरपीएमवर अर्धा मिनिट चालवायचं. चारही बाटल्यांत डिझेल साधारण सारखं हवं. एखाद्या बाटलीत इतरांच्या दुप्पट जमलं तर तो इंजेक्टर थकला आहे. सकाळी थंड इंजिन लांबलचक सेल्फ मारल्यावर सुरू होत असेल तर बहुधा हेच कारण निघतं, ग्लो प्लग नाही. म्हणून गाडी बघायला सकाळी जा आणि बॉनेटवर आधी हात ठेवा. बॉनेट कोमट लागलं तर मालकानं तुमच्या आधीच एकदा इंजिन चालू केलेलं आहे.

तेलाची गोष्टही याच इंजिनाची. साडेचार लिटरच्या आसपास तेल लागतं आणि ते १०,००० किमीला बदललंच पाहिजे. उशीर केलेल्या गाड्यांत कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग जातात, हे जगभर माहीत असलेलं आहे. पुढच्या बाजूला लोअर आर्म बुश आणि लिंक रॉडचा खडखडाट असतोच, तो घासाघिशीत धरा, नकाराचं कारण करू नका. टॅक्सीत चाललेली गाडी ओळखायला आरसी पुस्तकाचा इतिहास बघा, मीटरवर जाऊ नका. ६०,००० किमी चाललेल्या गाडीचं क्लच पेडलचं रबर गुळगुळीत होत नाही आणि ड्रायव्हर सीटचा फोम दरवाजाकडच्या बाजूनं बसत नाही.

निकाल: खाजगी वापरातली, बेल्टचं बिल असलेली २०१२ नंतरची व्हेरिटो डिझेल घ्या. तिचीच मागून कापून ४ मीटरच्या आत बसवलेली आवृत्ती, व्हेरिटो व्हाइब, घेऊ नका. या गाडीतलं सगळ्यात चांगलं काय होतं, तर डिकी. नेमकी तीच कापली.

फियाटच्या पॅलिओची गोष्ट वेगळी. २००१ मध्ये सचिन तेंडुलकरच्या जाहिरातींवर स्वार होऊन आलेली ही गाडी तिच्या काळातल्या हॅचबॅकमध्ये सगळ्यात भरीव होती. दरवाजा लावल्याचा आवाज ऐकला की कळतं. १,५९६ सीसीचं १०० अश्वशक्तीचं इंजिन तर त्या काळात या आकाराच्या गाडीत कुणीच देत नव्हतं. बदनामी तीन गोष्टींची झाली: ॲव्हरेज, सर्व्हिस आणि पार्ट.

ॲव्हरेजची तक्रार खरी आहे. जवळपास टनभर वजनाला १.२ चं छोटं इंजिन ओढायला लावलं, म्हणून शहरात १० च्या आसपास मिळतं आणि पिकअपही नाही. पैसा जातो आणि गंमतही नाही. १.६ पेट्रोल पिते, पण निदान त्या बदल्यात काहीतरी देते. सर्व्हिसची तक्रार तेव्हा खरी होती, आता तिला अर्थ नाही, कारण या वयाची गाडी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये कुणी नेत नाही. पार्टची तक्रार मात्र दर वर्षी जास्त खरी होते आहे. फिल्टर, ब्रेक पॅड, क्लच प्लेट मिळते; डोअर लॉक, पॉवर विंडोची यंत्रणा, हेडलाइट, आतलं प्लास्टिक यासाठी भंगारच गाठावं लागतं. गाडी जन्मली मुंबईत कुर्ल्याला आणि तिचे सुटे भाग आज शोधायचे तेही कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर. पुण्यात नाना पेठेत एक फेरी मारून आधी बघा, मिळालं तर मिळालं.

घ्यायचीच असेल तर तीन गोष्टी बघा. दोन्ही चाव्या हातात घ्या आणि दोन्हींनी गाडी सुरू करून बघा. इमोबिलायझरच्या (ओळखीच्या चिपशिवाय गाडी सुरू न होऊ देणाऱ्या यंत्रणेच्या) चावीचं नंतर करत बसणं डोकेदुखी आहे. आयडलला आरपीएम वर-खाली होत असेल किंवा दिवे मधेच मंद होत असतील तर सेन्सर बदलण्याआधी अर्थिंग बघा: बॅटरीची निगेटिव्ह पट्टी जिथे बॉडीला आणि गिअरबॉक्सला बसते ती जागा खोला, सँडपेपरनं घासा, पेट्रोलियम जेली लावून पुन्हा आवळा. पावसाळी हवेत या गाड्यांचं निम्मं 'इलेक्ट्रिकल प्रॉब्लेम' एवढ्यावर जातं. आणि १.६ चा टायमिंग बेल्ट टाकणाऱ्याकडे कॅम लॉक करायची हत्यारं आहेत का ते विचारा. खुणेला खूण लावून अंदाजानं बसवतो म्हणाला तर दुसरीकडे न्या.

नंतरच्या पॅलिओ स्टाइलमध्ये १,२४८ सीसीचं मल्टिजेट डिझेल आलं. तेच स्विफ्टमध्ये, तेच इंडिका व्हिस्टात. इंजिनाच्या पार्टची चिंता मिटली. यात बेल्ट नाही, चेन आहे, पण तेल उशिरा बदललेल्या इंजिनात चेन सैल होते. थंड इंजिन सुरू करताना पहिल्या दोन-तीन सेकंदांत साखळी खुळखुळल्यासारखा आवाज आला तर गाडी सोडा. पॅलिओ ही हौसेची गाडी. घरात दुसरी गाडी असेल तर १.६ जरूर घ्या. एकुलती एक म्हणून नको.

नॅनोबद्दल सगळ्यांचं मत आधीच ठरलेलं असतं, म्हणून आकड्यांत बोलू. ६२४ सीसी, दोन सिलिंडर, इंजिन मागे, लांबी ३,०९९ मिमी. २०१० मध्ये काही गाड्या पेटल्या. कंपनीनं तेव्हा बाहेरून बसवलेलं विजेचं सामान आणि एक्झॉस्टवर राहिलेल्या वस्तू अशी कारणं दिली, पण त्याच वर्षाअखेरीस एक्झॉस्ट आणि वायरिंगला जादा संरक्षण फुकट बसवून देण्याची योजनाही काढली. २००९-१० ची गाडी बघत असाल तर हे काम झाल्याची नोंद मागा, आणि ड्रायव्हर सीटखालची बॅटरी उघडून तिथून निघणाऱ्या वायरी बघा. टेप गुंडाळलेला जोड, ॲम्प्लिफायरची वेगळी लाइन, फ्यूजशिवायचा हॉर्न यातलं काही दिसलं की नको.

सुरक्षेची बदनामी पूर्ण रास्त आहे. गाड्यांची टक्कर-चाचणी घेणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या २०१४ च्या चाचणीत नॅनोला प्रौढांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. पण त्याच फेरीत अल्टो ८००, आय-१०, फिगो आणि एअरबॅग नसलेली पोलो यांनाही शून्यच मिळालं होतं. त्यांना कुणी 'पत्र्याचा डबा' म्हटलं नाही. तरी शेजारणीही नापास झाल्या म्हणून आपण पास होत नाही. एक्सप्रेसवेवर किंवा पाच माणसं घेऊन घाटात ही गाडी नेऊ नये.

गावात मात्र तिला तोड नाही. पेठेतल्या बोळात वळते, भाजी मंडईपाशी दोन दुचाकींच्या जागेत उभी राहते आणि उंच छतामुळे गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला न वाकता बसता येतं. पुढचे टायर १३५/७० आर १२ आणि मागचे १५५/६५ आर १२, म्हणजे पुढचे-मागचे अदलाबदल करता येत नाहीत. चारही सारखे घातलेले दिसले तर मालकानं काटकसर केली आहे आणि मागचं टोक पावसात सुटेल. ट्रायलला पाच किमी चालवून आल्यावर गाडी आयडलवर ठेवा आणि रेडिएटरचा फॅन सुरू होऊन बंद होतो का ते बघा. इंजिन मागे असल्यानं बोनेटकडून वाफ दिसत नाही, त्यामुळे फॅन बंद पडलेल्या गाड्यांत हेड गॅसकेट जाईपर्यंत मालकाला पत्ताही लागत नाही. घ्यायची तर २०१५ नंतरची जेन-एक्सच घ्या. तिला मागचा दरवाजा उघडतो आणि टाकी १५ ऐवजी २४ लिटरची आहे. आधीच्या गाडीत सामान ठेवायला मागची सीट पाडावी लागते.

इंडिकाचं थोडक्यात. १९९८ च्या अखेरीस आलेल्या पहिल्या खेपेच्या दर्जाबद्दल ज्या तक्रारी झाल्या त्या खऱ्या होत्या, आणि २००१ च्या व्ही-२ मध्ये त्यातलं बरंचसं दुरुस्त झालं. १,४०५ सीसीचं बिनटर्बोचं डिझेल कुठल्याही गावात दुरुस्त होतं, पण तापलं की हेड गॅसकेट जातं. थंड असताना रेडिएटरचं झाकण काढून इंजिन सुरू करा. पाण्यात सतत बुडबुडे आले किंवा तेलाच्या झाकणाखाली दुधाळ थर दिसला की संपलं. आज चांगली इंडिका उरलेली नाही, हीच खरी अडचण. ज्या उरल्या त्या टॅक्सीत पिळून निघाल्या आहेत. आमचं मत: सोडून द्या.

पेट्रोल गाडी कुठलीही घ्या, पहिल्याच सर्व्हिसला टाकीपासून इंजिनापर्यंतचे इंधनाचे रबरी पाइप बदलून घ्या. हे पाइप २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनलेले नव्हते. ते आधी मऊ पडतात, मग क्लिपपाशी चिरतात. पाइप घेताना त्यावर इथेनॉलसाठी चालतो असं छापलेलं बघून घ्या, आणि क्लिपा जुन्या वापरू नका. १५ वर्षं होत आली असतील तर फिटनेस आणि फेरनोंदणीचा खर्च सौद्याच्या आधी आरटीओत विचारा. दिल्लीहून आलेली स्वस्त डिझेल गाडी असेल तर एनओसी (ना-हरकत दाखला) कुठल्या आरटीओच्या नावानं आहे ते वाचा, कारण इथला रोड टॅक्स पुन्हा तुम्हालाच भरायचा आहे.