फोल्फिरिनॉक्स की जेमसायटाबिनची जोडी?

स्वादुपिंडाचा ॲडेनोस्क्वॅमस कर्करोग दुर्मीळ, आणि स्वादुपिंडाच्या नेहमीच्या कर्करोगापेक्षा, म्हणजे ॲडेनोकार्सिनोमापेक्षाही आक्रमक. त्याच्यासाठी म्हणून वेगळी केमो ठरलेली नाही, ॲडेनोकार्सिनोमाचीच वापरतात. म्हणून प्रश्न येतो तो पुढच्या दोन केमोंपैकी कोणती घ्यायची.

फोल्फिरिनॉक्समध्ये ऑक्सॅलिप्लॅटिन, इरिनोटेकॅन, ल्युकोव्होरिन आणि फ्लुरोयुरॅसिल, दर दोन आठवड्यांनी. शेवटचं औषध 46 तास पंपातून हळूहळू जातं, म्हणून छातीत पोर्ट, म्हणजे कातडीखाली औषध सोडायची छोटी डबी, बसवतात. जुलाब होतात, पांढऱ्या पेशी घसरतात. गार पाण्याचा पेला धरला तरी बोटांना झिणझिण्या येतात. हे आधी सांगितलं नाही तर माणूस फार घाबरतो, म्हणून घरच्यांनी आवर्जून सांगावं.

दुसरीकडे जेमसायटाबिन आणि नॅब-पॅक्लिटॅक्सेल. चार आठवड्यांत तीनदा सलाईन, पंप नाही. केस मात्र बहुधा जातात, हातपाय इथेही बधिर होतात.

पसरलेल्या ॲडेनोकार्सिनोमात 2011च्या फ्रेंच चाचणीत फोल्फिरिनॉक्सवर जगण्याचा मध्यक काळ (निम्मे रुग्ण त्याहून जास्त जगले) 11.1 महिने होता, नुसत्या जेमसायटाबिनवर 6.8. 2013च्या चाचणीत या जोडीवर 8.5, नुसत्या जेमसायटाबिनवर 6.7. पण 11.1 मधून 8.5 वजा करू नका. चाचण्या वेगळ्या, रुग्णही वेगळे. फ्रेंच चाचणीत 75 वर्षांपर्यंतचे, हिंडतेफिरतेच रुग्ण घेतले होते.

अंगात ताकद असेल, किंवा बीआरसीए जनुकात (पेशीतल्या डीएनएची दुरुस्ती करणाऱ्या) दोष सापडला असेल, तर मी फोल्फिरिनॉक्सकडे झुकेन; असा दोष असेल तर त्यातलं प्लॅटिनमचं औषध, ऑक्सॅलिप्लॅटिन, जास्त चालतं. वय झालेलं, वजन उतरलेलं असेल तर जोडी. त्यात रुग्णाला काही कमी दिलं असं घरच्यांनी मनात आणू नये. बीआरसीएचा रिपोर्ट यायला वेळ लागतो, तेव्हा नमुना पहिल्याच भेटीत पाठवायला सांगा.