क्रेस्टेड गेकोचा हाडांचा आजार: हिंगणघाटजवळच्या गावातून आठ महिन्यांचे उपचार

आमच्या गावात गाई-बकऱ्यांना दवाखाना आहे. माझा मोती मात्र क्रेस्टेड गेको, म्हणजे पाळीव पालीची एक जात. त्याच्यासाठी नागपूरच गाठावं लागतं. पुण्यात नोकरीला होतो तेव्हा त्याला घेतलं. विकणाऱ्यानं सांगितलं, "पिकलेलं केळं कुस्करून द्या, पुरतं." मी पाच महिने तेच दिलं. त्याचं वाईट आजही वाटतं.

ऑक्टोबरात तो काचेवरून घसरायला लागला. उलटा लटकला की शेपटी पाठीवर लोळायची. खालचा जबडा बोटाला रबरासारखा लागत होता, तोंड पूर्ण मिटत नव्हतं. वजन 14 ग्रॅम.

तालुक्याच्या दवाखान्यातले डॉक्टर स्पष्ट बोलले, "भाऊ, चुकीचं औषध देण्यापेक्षा नागपूरले ने." त्यांचे आभारच मानतो. शहरातल्या एका क्लिनिकमध्ये मात्र मोतीला डब्याबाहेरही न काढता व्हिटॅमिनचे थेंब लिहून दिले. दहा दिवस वाया गेले, तो आणखी ढिला पडला. याचा राग अजून आहे.

सरपटणारे प्राणी पाहणारे डॉक्टर तिसऱ्या खेपेला भेटले. त्यांनी मऊ प्लास्टिकच्या पट्टीनं तोंड हळूच उघडलं आणि मला टाळू दाखवली. या जातीत तिथे कॅल्शियम साठवणाऱ्या दोन पिशव्या असतात, भरलेल्या असल्या की पांढऱ्या दिसतात. मोतीच्या दिसतच नव्हत्या. एक्स-रेमध्ये हाडं इतकी फिकट, की बरगड्या शोधाव्या लागल्या.

कारण केळं. 100 ग्रॅम केळ्यात कॅल्शियम सुमारे 5 मिलिग्रॅम, फॉस्फरस 22. हवं उलटं: फॉस्फरसच्या दुप्पट कॅल्शियम. ते कमी पडलं की शरीर हाडातून काढून घेतं. शिवाय व्हिटॅमिन डी-3 नसेल तर दिलेलं कॅल्शियमही आतड्यातून नीट शोषलं जात नाही. खिडकीच्या काचेतून येणारं ऊन इथे कामाचं नाही, शरीरात डी-3 तयार करायला लागणारे यूव्हीबी (अतिनील) किरण काच अडवते.

सुरुवातीला ओठावर थेंब टाकून पातळ कॅल्शियम दिलं. मात्रा वजनावर ठरते म्हणून इथे लिहीत नाही. डी-3 जास्त झालं तर मूत्रपिंडं बिघडतात, तेव्हा अंदाजानं देऊ नका. आजीनं चुन्याची निवळी सुचवली होती. डॉक्टरांनी साफ नाही म्हटलं. आता क्रेस्टेड गेकोची तयार खाद्य-पावडर, एका भागाला दोन भाग पाणी, एक दिवसाआड रात्री. आठवड्यातून एकदा विकत आणलेले रातकिडे. आदल्या दिवशी त्यांना शेवग्याचा पाला खाऊ घालतो आणि देताना कॅल्शियमच्या भुकटीत घोळवतो. शेतातले किडे चुकूनही देत नाही. कपाशीवर फवारणी सुरू असते.

पहिले तीन आठवडे फरकच दिसला नाही. मी रोज जबडा चाचपायचो आणि झोप लागायची नाही. सहाव्या आठवड्यात तो टणक लागला. तिसऱ्या महिन्यात मोती काचेवर वरपर्यंत चढला. चौथ्या महिन्याच्या एक्स-रेत हाडं ठळक आली. शेपटीचा बाक आणि जबड्याचा किंचित तिरकेपणा राहणार, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

खरी परीक्षा मे महिन्यात. या गेकोला 22 ते 26 अंश मानवतं, 28-30 च्या वर धोका, आणि आमच्याकडे पारा 45 ला टेकतो. वाळ्याच्या टट्ट्यांचा कूलर दोन्ही कामं करतो, गारवा आणि ओल. लाइट गेली की मोतीच्या काचेच्या टाकीजवळ बर्फाच्या बाटल्या ठेवायच्या. "पालीले बी डॉक्टर लागते का रे बाप्पा?" म्हणणारी आजीच दुपारी तापमापक बघते.

या डॉक्टरांकडे पहिल्यांदा गेलो तेव्हा फी, एक्स-रे आणि एसटी मिळून अडीच हजार गेले. पुढचं बरंचसं फोनवर भागलं, कारण दर रविवारी वजन आणि चढतानाचा व्हिडिओ पाठवतो. सोनाराकडे असतो तसा एक दशांश ग्रॅम दाखवणारा काटा घ्याच. त्याच्याशिवाय डॉक्टरांना दुरून काहीच कळत नाही. पावडरचा डबा उघडला की त्यावर तारीख लिहितो. डी-3 उष्णतेनं कमजोर होतं, म्हणून डबा घट्ट बंद करून फ्रिजमध्ये.

या रविवारी काट्यावर 23.4 आलं. वजन होताच मोती सरळ माझ्या खांद्यावर उडी मारून बसला.